अकरा पाऊण सव्वाआठ

माझ्या मामेसासऱ्यांच्या मते देवानं पृथ्वी निर्माण केली, ती वसई कुठंतरी ठेवायला हवी म्हणून. बाकीचे खंड, महासागर, हिमालय वगैरे त्यानं उरलेल्या वेळात केले, आणि मुंबई तर अगदी शेवटी, हात धुता धुता. "मुंबईला काय आहे?" असं ते विचारत आणि समोरचा तोंड उघडायच्या आत स्वतःच उत्तर देत. "सकाळी आमची फुलं जातात तेव्हा तिथल्या देवांची पूजा होते. आमची केळी जातात तेव्हा तिथली पोरं शाळेत जातात. आमची भाजी एक दिवस गेली नाही तर..." इथं ते थांबत आणि अख्ख्या मुंबईची कीव आल्यासारखी मान हलवत. उभ्या आयुष्यात ते उत्तरेला डहाणूपर्यंत आणि दक्षिणेला दादरपर्यंत गेले होते, आणि दोन्हीकडून "बघितलं" एवढाच शेरा मारून दिवेलागणीच्या आत घरी परतले होते. मी गिरगावचा. त्यामुळे आमच्या नात्याची सुरुवातच त्यांच्या बाजूनं थोड्या दयेनं झाली.

मामा अंगानं काटक, उंच, गुडघ्यापर्यंत आखडलेलं धोतर आणि खांद्यावर पंचा. वसई गावाबाहेर त्यांची वाडी होती. केळी, पानवेल, मोगरा, सोनचाफा आणि एका अंगाला बावखल. बावखल म्हणजे वाडीला पाणी पाजणारं गोड्या पाण्याचं खोल तळं. पहिल्या भेटीत मी अजाणता त्याला "डबकं" म्हणालो. मामांनी मला तिथंच काठावर उभं करून बावखल कुणी खणलं, त्याचा तळ कुठं लागतो, त्यात पडलेला नारळ चौथ्या दिवशी कुठल्या कोपऱ्यात मिळतो, इथपासून जगातल्या इतर पाण्यांत काय काय खोट आहे इथपर्यंत सगळं ऐकवलं. माझ्या पायांना मुंग्या आल्या. शेवटी त्यांनी विचारलं, "आता काय म्हणाल?" मी म्हणालो, "समुद्र." ते प्रसन्न झाले. त्यांना खूश करणं सोपं असे, फक्त अतिशयोक्तीची भीती वाटता कामा नये.

बोलणं हा त्यांचा श्वास होता. समोरच्याला हुंकार देण्यापुरती जागा मिळे, तीही त्यांना पंचा सावरायचा असेल तर. घड्याळ मात्र त्यांनी कधी बांधलं नाही. त्यांचं सगळं पाण्यावर चाले. "ओहोटी लागली की या," असं ते आमंत्रण देत. भरतीची वेळ काढायची त्यांची रीत बापजाद्यांपासून चालत आलेली होती: तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. अष्टमी असली तर आठ पाऊण सहा, म्हणजे सहाला भरती. चतुर्थी असली तर चार पाऊण तीन. शाळेत त्यांचं गणित म्हणे तिसरीतच थांबलं, पण पाऊणकीचा पाढा त्यांना असा पाठ होता, की झोपेत हलवून विचारलं तरी ते आधी भरतीची वेळ सांगत आणि मग "कोण आहे?" विचारत. पंचांग त्यांच्या घरात भिंतीला टांगलेलं असे, पण ते मामींच्या उपासतापासांसाठी. मामा तिथ्या बोटांच्या पेरांवर मोजत. "छापलेल्या कागदाला विचारून मी पाण्यावर जाऊ?" असं ते म्हणत. हे विचारताना ते नेहमी अरबी समुद्राच्या दिशेनं बघत, जणू त्यालाही हे पटायला हवं.

घरी आलेल्या पाहुण्याला चहा मिळे की नाही हे मामींवर अवलंबून, पण वसई दाखवण्याचा दिवसभराचा कार्यक्रम मामा कुणालाच चुकवू देत नसत. त्याचे भाग ठरलेले होते. स्टेशनवर उतरून टांग्यात बसायचं. माणिकपुरात टांगा थांबवून चर्चची घंटा ऐकायची, आणि घंटेची वेळ नसेल तर ती कशी वाजते हे मामांच्या तोंडून ऐकायचं. कोपऱ्यावरच्या बेकरीतला गरम पाव नुसता हुंगायचा, कारण खायचा तो नंतर. मग किल्ला. किल्ल्यात जमिनीकडच्या दरवाजानंच शिरायचं, कारण मराठे तिकडूनच झुंजले. छप्पर उडालेल्या मोठ्या चर्चमध्ये मध्यभागी उभं राहून एकदा टाळी वाजवायची. एकदाच. दुसरी वाजवलीत तर पहिलीचा मान जातो. मग बुरुजाचा गोल जिना मोजत चढायचा आणि वर पोचल्यावर पायऱ्यांचा आकडा सांगायचा. आकडा चुकला तर खाली जाऊन पुन्हा. मग महादेवाच्या देवळात पाच मिनिटं गप्प बसायचं, म्हणजे पाहुण्यांनी. मग किल्लाबंदरला काठ्यांवर वाळत घातलेले बोंबील वाऱ्याच्या उलट्या बाजूनं बघायचे. आणि सगळ्यात शेवटी होडीतून खाडीत शिरून किल्ला पाण्यावरून बघायचा. "जमिनीवरून बघितलेला किल्ला म्हणजे पाठमोरा माणूस," असं ते म्हणत. "तोंड त्याचं पाण्याकडे आहे."

हा कार्यक्रम पाहुण्यांच्या कौतुकाचा असता तर प्रश्न नव्हता. पण मामांकडे त्यांची भाची वाढत होती. तिचे आईवडील ती लहान असतानाच गेले होते, आणि मूलबाळ नसलेल्या मामा-मामींचा सगळा जीव तिच्यात. ती लग्नाची झाली तेव्हा मामांनी जाहीर केलं, की आपल्या घरी पोहे वगैरे होणार नाहीत. स्थळाकडच्यांनी आधी वसई बघायची, मुलगी नंतर. "वसई ज्याला आवडली नाही त्याला माझी पोर काय कळणार?" पहिल्या स्थळाच्या मुलाला बुरुजावर दुसऱ्यांदा पाठवलं तेव्हा तो उतरून थेट स्टेशनच्या दिशेनं गेला. दुसऱ्या स्थळाची आई दुपारी तीनपर्यंत ऐकून ऐकून इतकी थकली, की मुलगी समोर आली तेव्हा तिला डुलकी लागली होती. तिसरी मंडळी मुरुडची. त्यांनी बिचाऱ्यांनी एवढंच म्हटलं, की आमचा जंजिराही बघण्यासारखा आहे, कुणालाच जिंकता आला नाही. मामा म्हणाले, "न जिंकलेला किल्ला म्हणजे न झालेलं लग्न. त्यात सांगण्यासारखं काय?" ती मंडळी उठली. ह्या तिन्ही वेळा पोरीच्या तोंडून एक शब्द बाहेर पडला नव्हता. पडणार कुठून? मामांच्या दोन वाक्यांत फटच नव्हती. मामी रात्रंदिवस घोर करत, पण नवऱ्याला गप्प बस म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

चौथं स्थळ मी. सत्तरच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. आमच्या घरातले सगळे निर्णय माझी थोरली आत्या घेई, म्हणून ती माझ्याबरोबर आली. गाडीतच तिनं मला सांगून ठेवलं होतं, "एवढ्या लांब मी सोयरीक करणार नाही. मध्यस्थाचं मन मोडवत नाही म्हणून चाललेय. दुपारच्या गाडीनं परत." माघ महिना होता. स्टेशनवर मामा, मामी आणि या वेळी मामींनी बरोबर आणलेली मुलगी, तिघंही उभी होती. मुलीनं एकदा वर बघितलं आणि पुन्हा टांग्याच्या चाकाकडे बघू लागली. मामींच्या हातात एक पाटी, पाण्यानं भरलेली कळशी आणि काखेत दोन काळ्या छत्र्या. माघात छत्र्या कशाला, असं माझ्या मनात येऊन गेलं, पण तोवर मामांनी वसईचं वर्णन सुरू केलं होतं आणि मग माझ्या मनात स्वतःचं असं काही यायला वावच उरला नाही.

घंटा झाली, पाव हुंगून झाला, टाळी वाजवून झाली. बुरुजावर मी पायऱ्या मोजायला चुकलो, पण आत्यानं अचूक आकडा सांगितला. मामांनी तिला वाकून नमस्कार केला. आत्या चढल्या श्वासात म्हणाली, "दुपारची गाडी किती वाजता आहे?" मामा म्हणाले, "आधी होडी." किल्लाबंदरला मामांचा नेहमीचा होडीवाला तयार होता. त्यानं खाडीकडे बघून डोकं खाजवलं.

"मामा, पानी कवाच फिरलंय. आज लांब नको जावाला."

"बारा पाऊण नऊ!" मामा गरजले. "नवाची भरती. पुढं सव्वातीन तास होडीपुरतं पाणी असतं, सव्वाबारापर्यंत काळजी नाही. मला पाणी शिकवतोस?"

होडीवाला पुन्हा काही बोलणार, तेवढ्यात मामी मऊ आवाजात म्हणाल्या, "जाऊ दे रे. त्यांना ठाऊक असतं. चल तू."

मला त्यातलं काही कळलं नाही. नवऱ्याचा शब्द खाली पडू न देणारी बाई, एवढंच वाटलं. होडी निघाली. आणि खरं सांगतो, पाण्यावरून तो किल्ला दिसला तेव्हा मामांचं बोलणं मला पहिल्यांदा कमी वाटलं. काळी लांबच लांब तटबंदी, तिच्यावर हलणारी ताडाची झाडं, मधेच एक कमान आणि तिच्यातून दिसणारं नुसतं आभाळ. मामा उभे राहून एकेक बुरुज दाखवत होते. एकीकडे पाटीतून तांदळाच्या भाकऱ्या काढून त्यांनी आत्यापुढे धरल्या.

आत्या संकोचली. "माझं राहू दे. सांगणार नव्हते, पण आज एकादशी."

"माझीही आहे," मामी म्हणाल्या आणि पाटीच्या तळातून दुसरी पुरचुंडी काढली. उकडलेली रताळी, शेंगदाण्याचे लाडू आणि सुकेळी, म्हणजे वसईच्या उन्हात वाळवलेली मधासारखी केळी. "आपल्या दोघींपुरतं आणलंय. पुरून उरेल."

मामा एका बुरुजाकडे बोट करून उभे होते. ते बोट तसंच राहिलं. वाक्य मधेच तुटलं. मग त्यांचा अंगठा हळूहळू दुसऱ्या हाताच्या पेरांवरून फिरू लागला, एकदा, दोनदा. तेवढ्यात होडीच्या खालून फस्स असा आवाज आला आणि होडी चिखलात बसली. होडीवाल्यानं वल्हं रोवून बघितलं, मग ते आडवं ठेवून तो निवांत बसला. "आता पाच वाजता," तो म्हणाला.

साडेअकरा वाजले होते. मामा खाली बसले. "इथून किल्ला सगळ्यात चांगला दिसतो," एवढं एकच वाक्य ते बोलले आणि गप्प झाले. ते गप्प बसलेले त्यांच्या घरच्यांनीही कधी पाहिले नव्हते. मामींनी छत्र्या उघडल्या, एक आत्याच्या हातात दिली, एक मुलीच्या. मुलीनं ती माझ्या डोक्यावर येईल अशी जरा तिरकी धरली. खाडीचं पाणी डोळ्यांदेखत मागं सरत गेलं. वाऱ्याशिवाय कशाचा आवाज नव्हता. आणि त्या शांततेत ती पहिल्यांदा बोलली.

"तुम्हाला पोहता येतं?"

"नाही."

"मग उतरू नका. गाळ कमरेएवढा आहे."

मी उतरणार नव्हतोच, पण उतरणार होतो आणि आता तिच्या शब्दासाठी थांबतोय असा चेहरा केला. थोड्या वेळानं ती आणखी हळू म्हणाली, "त्या कोपऱ्यातल्या बुरुजाबद्दल मामा काय म्हणाले असते, सांगू?" आणि पदराआड तोंड धरून तिनं मामांचा बुरुज असा हुबेहूब सादर केला, पंचा सावरण्यासकट, की मी मोठ्यानं हसलो. आत्यानं वळून बघितलं. मामांनी बघितलंही नाही. मग तिनं मला विचारलं, गिरगावात बघण्यासारखं काय आहे. मी खूप विचार केला आणि "चौपाटी" म्हणालो. ती म्हणाली, "पाण्याजवळ आहे ना? मग चालेल." मला वाटतं, माझं लग्न त्या "चालेल"वर झालं.

पाचाला पाणी आलं, होडी उचलली गेली. दुपारची गाडी केव्हाच गेली होती. स्टेशनवर आत्या मला म्हणाली, "साडेपाच तास उन्हात बसून ज्या घरची मुलगी हसते आणि ज्या घरची बाई पाहुण्याच्या गडबडीत एकादशी विसरत नाही, त्या घराला नाही म्हणायला मी मूर्ख नाही." मग गाडीत चढता चढता म्हणाली, "केळी छान होती."

लग्नात आत्यानंच ती गोष्ट सगळ्यांना सांगितली, आणि स्वतःला उमगली तशी सांगितली: मुलामुलीला बोलायला वेळ मिळावा म्हणून मामांनी मुद्दाम होडी गाळात घातली आणि स्वतः तोंडाला कुलूप लावून बसले. असा समंजस माणूस आपण पाहिला नाही! मामा काहीतरी सांगायला तोंड उघडत होते. तेवढ्यात मामी लाडवांचं ताट घेऊन जाता जाता म्हणाल्या, "मग काय तर! त्यांचं सगळं हिशोबानं असतं." मामांचं तोंड मिटलं. आणि मग हळूहळू ते खुलले. पुढल्या दिवाळीपर्यंत ती गोष्ट त्यांची स्वतःची झाली होती. वसईतली नवराबायकोची भांडणं, अडलेली लग्नं, रुसलेले जावई, सगळ्यांवर ते होडीचा उपाय सुचवत. "पाण्याला मी सांगितलं, साडेअकराला जा आणि पाचाला ये," असं म्हणताना त्यांची छाती फुगे. मामी वाढत असत, ऐकत असत आणि म्हणत, "भात घ्या." एक गोष्ट मात्र माझ्या नजरेतून सुटली नव्हती. त्या दिवसानंतर खाडीवर निघताना मामा चप्पल शोधण्याच्या निमित्तानं भिंतीवरच्या पंचांगापाशी जरा जास्त वेळ रेंगाळत.

अशी बारातेरा वर्षं गेली. स्टेशनजवळ इमारती उभ्या राहिल्या, टांग्यांच्या जागी रिक्षा आल्या, कुणाकुणाची बावखलं बुजली. मामांचं बुजलं नाही. मग एका थंडीत मामी चार दिवसांच्या तापानं गेल्या. मामांनी पाहुण्यांना वसई दाखवणं सोडून दिलं. जिना मोजायचा नाही, टाळी नाही. आम्ही दर महिन्याला जात असू. ते बावखलाच्या काठावर बसलेले असत आणि आम्हाला बघून नुसतं "आलात?" म्हणत. त्यांच्या तोंडून एवढंसंच वाक्य ऐकणं फार जड जाई. त्यांनी मुंबईची यथेच्छ निंदा करावी म्हणून मी मुद्दाम गिरगावचं कौतुक करून बघितलं. ते म्हणाले, "असेल."

वर्ष होत आलं तेव्हा एका रविवारी त्यांनी आपणहून मला म्हटलं, "चला जावईबापू, पाण्यावर जाऊ." निघताना त्यांनी दोन छत्र्या घेतल्या. होडीवाला तोच, केस पांढरे झालेले. खाडीच्या मध्यावर आल्यावर मामांनी मला विचारलं, "त्या दिवशी तिथी कोणती होती?"

"एकादशी."

"मी द्वादशी धरली होती. त्या पंधरवड्यात षष्ठी दोन दिवस आली होती, मी पेरांवर दुसऱ्याच दिवशी सप्तमी मोजली. पंचांगात होतं. मी कशाला बघतोय! अकरा पाऊण सव्वाआठ. मी नऊ धरून बसलो." मग माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "चुकलो होतो."

हा शब्द त्यांच्या तोंडून मी प्रथमच ऐकला. मी म्हणालो, "मामा, असू द्या. छानच झालं की."

"ते नव्हे सांगायचं. ह्या छत्र्या. परवा झटकायला काढल्या, तेव्हा डोक्यात आलं. माघात छत्र्या कोण नेतं? त्याही दोन. भरलेली कळशी. संध्याकाळपर्यंत पुरेल एवढा उपासाचा फराळ. त्या दिवशी सकाळी ओट्यावर बसून मी मोठ्यानं म्हटलं होतं, बारा पाऊण नऊ. आत ती एकादशीची रताळी उकडत होती. तिला ऐकू आलं नसेल? आणि हा," त्यांनी होडीवाल्याकडे बोट केलं, "हा पाणी फिरलं म्हणाला, तर त्याला म्हणाली, चल तू."

होडीवाला वल्हं मारता मारता हसला. "मामीनं डोला पन मारला व्हता."

"मग त्या बोलल्या का नाहीत?" मी विचारलं.

"तीन स्थळं माझ्या तोंडानं घालवली होती. मी गप्प बसल्याशिवाय पोरीचं लग्न होत नाही, हे तिला कळलं होतं. आणि मी कशानं गप्प बसेन, तेही." मामांनी पंचानं डोळे पुसले, आणि लपवलं नाही. "पुढं बारातेरा वर्षं मी तुम्हा सगळ्यांकडून कौतुक करून घेतलं. ती वाढत राहिली. एकदासुद्धा बोलली नाही. आता विचारू कुणाला?"

माझा संसार, दोन मुलं, घरातलं हसणं, सगळं ज्या साडेपाच तासांवर उभं होतं, ते तास मला कुणी दिले हे मला त्या क्षणी कळत होतं, आणि त्या माऊलीला मी कधी साधं "सुकेळी छान झालीत" याच्यापलीकडे काही म्हटलं नव्हतं. मामा मात्र हळूहळू ताठ बसले. पंचा खांद्यावर नीट टाकला. किल्ल्याकडे बघत, जवळजवळ पूर्वीच्याच आवाजात म्हणाले, "पण काय बाई होती! आहे का मुंबईत अशी एक तरी? सांगा! इथल्या पापडी गावची होती ती. अस्सल वसईची." आणि मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "यापुढं ही गोष्ट सांगाल, तेव्हा माझं नाव घेऊ नका. तिचं सांगा."

म्हणून सांगितली.

ऊन चढलं होतं. होडीवाला वल्हं थांबवून म्हणाला, "मामा, पानी फिरलं. परतू या?" मामांचा अंगठा सवयीनं पेरांवर गेला, दोन पेरं सरकला आणि थांबला. "तू म्हणतोस तर फिरलं असेल," ते म्हणाले. "चल तू." त्यांनी एक छत्री उघडून माझ्या डोक्यावर धरली. दुसरी त्यांच्या शेजारी फळीवर, मामी बसत त्या जागी, काठाला लागेपर्यंत मिटलेलीच होती.